स्प्रिंग सोडा, बिजागर बघा: स्प्रिंगर आणि गर्डर

मोटरसायकलच्या हेडलाइटपाशी उघडी स्प्रिंग दिसली की आमच्या इंदूरात तिचं एकच नाव, ‘स्प्रिंगर’. रविवारी सकाळी छप्पन दुकान या खाऊगल्लीत पोहे खाऊन जाम गेटच्या घाटाकडे निघणाऱ्या टोळक्यांत हे इतक्यांदा ऐकलंय, की हल्ली मी हातातली जिलबी खाली ठेवून भांडायला उठतो. परवा तर रामबागेतला सख्खा भाचा फोन पुढे करून म्हणाला, “मामा, रॉयल एनफिल्डपण स्प्रिंगर काढतंय!” फोटो फ्लाइंग फ्ली सी६ चा. नोव्हेंबर २०२४ मध्ये दाखवलेली ही इलेक्ट्रिक गाडी. तिच्या पुढे आहे तो स्प्रिंगर नव्हे, गर्डर; दोन्ही पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या जाती.

साधा शॉकअप सगळ्यांना पाठ आहे. नळीत नळी, आत स्प्रिंग आणि तेल. सील गेली की पाय तेलकट. क्लासिक ३५० ला असेच पाय. त्यावर रबराचे घडीचे मोजे चढवले म्हणून तो स्प्रिंगर होत नाही. सीटखाली दोन स्प्रिंगा असल्यानेही होत नाही. आणि सॉफ्टेल म्हणजे हार्ले-डेव्हिडसनची मागचं सस्पेन्शन लपवलेली गाडी; पुढच्या फोर्कशी त्या शब्दाचा काही संबंध नाही. हे तीन गोंधळ एवढ्यावरच सोडतो.

खरी गफलत होते ती स्प्रिंगकडे बघत बसल्यामुळे. दोन्ही जातींत स्प्रिंग वर, डोळ्यांसमोर असते. ओळख पटते ती बिजागरावरून. हलणारा सांधा खाली, चाकाच्या एक्सलजवळ असेल तर स्प्रिंगर. तो वर, हँडलच्या टीजवळ (फोर्कचे पाय वर धरणाऱ्या पट्टीजवळ) असेल तर गर्डर.

स्प्रिंगरला पायांच्या दोन जोड्या असतात. मागची जोडी वरच्या टीत पक्की बसवलेली, ती हलत नाही. खाली तिच्या टोकाला दोन्ही बाजूंना एकेक छोटी आडवी पट्टी असते, तिला रॉकर म्हणतात. एक्सल या रॉकरमध्ये असतो. खड्डा आला की चाक रॉकरला वर ढकलतं, रॉकर पुढच्या पायांना उचलतो आणि ते पाय वरच्या स्प्रिंगा दाबतात. म्हणजे काम तळाशी होतं, स्प्रिंग फक्त निरोप घेते. ज्यांनी दूधवाल्यांचा जुना राजदूत १७५ पाहिलाय त्यांना हे लगेच समजेल. पोलंडच्या एसएचएल एम११ वरून एस्कॉर्ट्सने काढलेल्या त्या गाडीतही एक्सल बिजागराच्या पुढे असायचा आणि चाक त्या दांड्याबरोबर झुलायचं. घराणं तेच, फक्त हार्लेच्या स्प्रिंगरला क्रोम लागलं आणि राजदूतला दुधाच्या कॅन.

गर्डरमध्ये रॉकर नसतोच. दोन्ही पाय मिळून एक कडक चौकट, चाक तिच्यात साध्या सायकलसारखं बसवलेलं. ही अख्खी चौकट वरच्या आणि खालच्या दुव्यांवर टांगलेली असते आणि चाकासकट वरखाली होते. चौकट आणि स्टिअरिंगचा खांब यांच्या मधल्या जागेत बहुधा एकच स्प्रिंग. ती पोलादी असलीच पाहिजे असंही नाही. दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटने उतरवायला केलेल्या मूळ फ्लाइंग फ्लीचा गर्डर रबराच्या पट्ट्यांवर तोललेला होता. म्हणजे स्प्रिंग नसलेल्या फोर्कच्या वारसदाराला आमची मंडळी ‘स्प्रिंगर’ म्हणतात!

‘अमेरिकन तो स्प्रिंगर, ब्रिटिश तो गर्डर’ ही पळवाटही चालत नाही. इंडियन नावाच्या कंपनीची चीफ ही गाडी पक्की अमेरिकन, पण १९४६ पासून तिला गर्डर होता.

घेताना याने फरक काय पडतो? सांधे दोन्हीत चार-चारच, फक्त पत्ता वेगळा. स्प्रिंगरचे चारही बुश (सांध्यात बसणाऱ्या बाह्या) चाकाशेजारी, धुळीत आणि चिखलात. आपल्याकडच्या पहिल्या पावसातच त्यांचं पीठ व्हायला लागतं. ग्रीस गन हाताशी नसेल त्याने या वाटेला जाऊ नये. गर्डरच्या पिना वर, कोरड्यात. पण त्या सैल झाल्या तर तो ढिलेपणा लांब पायाच्या टोकापर्यंत पोचताना वाढतो आणि सगळं नाक डुलतं. मिस्त्री हमखास म्हणतो, “कोनसेट गेला,” म्हणजे हँडलच्या मानेतलं बेअरिंग. कोनसेट बदलतात, पैसे जातात, डुलणं राहतं.

वजनाच्या बाबतीत स्प्रिंगर सरस. चाकाबरोबर रॉकर आणि पुढचे पाय एवढेच हलतात, गर्डरमध्ये अख्खी चौकट उचलावी लागते. ब्रेकच्या बाबतीत मात्र माझं मत सरळ गर्डरला. साध्या शॉकअपची गाडी ब्रेक दाबला की नाक खुपसते. गर्डरचे दुवे नीट आखलेले असतील तर ते खुपसणं बरंच कमी होतं. स्प्रिंगरमध्ये उलटा प्रकार होऊ शकतो. कॅलिपर, म्हणजे डिस्क ब्रेकचा चिमटा, थेट रॉकरवर बसवला असेल तर ब्रेकचा पीळ रॉकरला खाली ढकलतो आणि गाडी पुढून उठते. एका मित्राच्या बुलेटला बाजारातलं स्प्रिंगर किट लावलेलं होतं. भेरूघाटाच्या उतारावर मी ब्रेक दाबला आणि हँडल छातीकडे आलं. घाबरून आणखी दाबला, तर फोर्क ताठ होऊन प्रत्येक खड्डा मनगटात. म्हणून हार्लेने कॅलिपरपासून पक्क्या पायापर्यंत एक आडवा दांडा दिला होता. स्वस्त किटांत नेमका तोच गाळलेला असतो. कित्येकांत उसळी शांत करणारा डँपरही नसतो, मग स्प्रिंग दाबली जाते आणि नाचतच राहते.

त्यात स्प्रिंगरवाली नवी हार्ले हा पर्यायही नाही. हार्लेने स्प्रिंगर १९४९ च्या हायड्रा-ग्लाइडपासून मोठ्या गाड्यांवरून उतरवला, १९८८ मध्ये स्प्रिंगर सॉफ्टेलवर परत आणला आणि क्रॉस बोन्सबरोबर २०११ ला पुन्हा थांबवला. आता मिळेल ती जुनीच. आणि बुलेटचा फोर्क काढून किट लावायचा बेत असेल तर आधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. कंपनीच्या मूळ रचनेशी न जुळणारा बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. ‘पलासिया चौकात कोणी अडवत नाही भिया’ हे उत्तर अपघातानंतर विमा कंपनीसमोर देऊन बघा.

जुनी बघायला गेलात तर क्रोमवरून हात फिरवण्याआधी एकाला हँडलवर वजन टाकून गाडी दाबायला सांगा आणि स्वतः खाली उकिडवे बसा. पक्क्या पायाच्या टोकाभोवती रॉकर फिरला आणि एक्सल त्या टोकाच्या मानाने वर सरकला तर स्प्रिंगर. पाय आणि एक्सल एकजीव हलले आणि वर टीपाशी दुवे झुलले तर गर्डर. मग पुढचं चाक उचलून एक्सलजवळ धरा आणि आडवं हलवा. कट् असा आवाज आला तर विकणारा म्हणेल, “जुन्या गाडीत एवढं असतंच.” बुशच्या सेटचे आणि मजुरीचे पैसे किमतीतून कापायला लावा. ऐकत नसेल तर दुसरी गाडी बघा.