संध्याकाळची वीज आणि कोयनेचे पावणेचार तास

महाराष्ट्रात कोळशाची, पाण्याची, सूर्याची वीज किती मेगावॅट, हा तक्ता वाचून फारसं काही कळत नाही. कोणती वीज किती वाजता मिळते, ते पाहायला हवं. दुपारी सौरवीज भरपूर असते. सूर्य कलला की तासा-दोन तासांत ती सगळी जाते आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे, पंखे, एसी सुरू होतात.

ही तूट कोळशाने भरायची तर अडचण येते बॉयलरची. चंद्रपूरचा ५०० मेगावॅटचा संच दुपारी साधारण ५५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे २७५ मेगावॅटवर उतरवता येतो. त्याखाली भट्टीतली ज्योत डळमळू लागते आणि तेल जाळून ती टिकवावी लागते. संच पूर्ण बंद करून थंड होऊ दिला, तर बॉयलरचे जाड धातूचे भाग सावकाशच तापवावे लागतात. घाई केली की त्यांना तडे पडू शकतात. त्यात कित्येक तास जातात. पावसाळ्यात ओला कोळसा तो भट्टीकडे नेणाऱ्या फीडर यंत्रात चिकटून बसतो, मग चालू संचही पूर्ण भार देत नाही.

कोयना धरणाच्या पाण्यावर चालणारे संच मात्र काही मिनिटांत भार उचलतात. तरी ते दिवसभर चालवता येत नाहीत, कारण पाणी मोजकं आहे. कृष्णा पाणीतंटा लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसी, म्हणजे सुमारे १९१ कोटी घनमीटर पाणी ठरवून दिलं. पोफळीच्या वीजघरापर्यंत ते जवळपास ४७५ मीटर खाली येतं. दहा टक्के घट धरली तर एका घनमीटरमागे साधारण १.१६ युनिट वीज मिळते. पहिला, दुसरा आणि चौथा टप्पा मिळून १६०० मेगावॅटचे संच आहेत. ते पूर्ण भाराने चालवायला तासाला सुमारे १४ लाख घनमीटर पाणी लागतं. भागाकार करून पाहा: वर्षाला १४०० तासही भरत नाहीत, दिवसाला जेमतेम पावणेचार तास. पुढे तेच पाणी कोळकेवाडी धरणात अडवून तिसऱ्या टप्प्याचे ३२० मेगावॅटचे संच चालतात, तेवढी भर वेगळी.

त्यामुळे लख्ख उन्हाच्या दुपारी, निकड नसताना कोयनेचं पाणी वापरणं म्हणजे सरळसरळ उधळपट्टी आहे. दुपारी उरलेली वीज साठवायची सोय उदंचन केंद्रात असते, म्हणजे तिथे पाणी वर उपसून ठेवतात आणि हवी तेव्हा ते खाली सोडून वीज काढतात. घाटघरला २५० मेगावॅटचं असं केंद्र आहे. खालच्या तलावातलं पाणी वर चढवायला चार युनिट खर्चले की परत सुमारे तीन मिळतात. अशी केंद्रं पूर्वी मध्यरात्रीच्या शिल्लक विजेवर बेतली जात. आता उपसा दुपारीच करणं शहाणपणाचं ठरतं.