चाळीस वॉट-तासांचा संसार

सांगलीत इंजिनिअरिंगच्या पोरांच्या खोल्यांवर हल्ली एक वाद हमखास रंगतो: स्विच भारी की स्टीम डेक? दोन्ही हातात धरून खेळायचे गेम कन्सोल, स्विच निन्टेन्डोचा, डेक व्हॉल्व्हचा. स्विचवाला म्हणतो, तुझा डेक दोन तासांत मान टाकतो. डेकवाला म्हणतो, तुझ्या स्विचचा हिरो हात न लावता डावीकडे चालत सुटतो. दोघंही खरं बोलतात. फक्त हे दोन दोष एका जातीचे नाहीत. पहिला भौतिकशास्त्राने लादलेला आहे, दुसरा कंपनीच्या काटकसरीने.

आधी बॅटरी. २०२२च्या पहिल्या स्टीम डेकमध्ये ४० वॉट-तासांची बॅटरी आहे. चिप जोरात चालली की एकटीच १५ वॉट ओढते. पडदा, पंखा, वाय-फाय धरले की आकडा वीसच्या पुढे जातो. चाळीस भागिले वीस, म्हणजे दोन तास. कंपनीही दोन ते आठ तास असंच सांगते. २०१७च्या पहिल्या स्विचची बॅटरी ४,३१० एमएएच, म्हणजे साधारण १६ वॉट-तास. डेकच्या निम्मीसुद्धा नाही, तरी ती अडीच ते साडेसहा तास टिकते. चिप मोबाईलच्या घराण्यातली आणि कमी खाणारी, पडदा ७२० पिक्सेलचा, त्यामुळे गरजाच बेताच्या. तेव्हा डेकची बॅटरी वाईट आहे असं नाही. त्याचा खर्च मोठा आहे. बॅटरी मोठी करावी तर वजन वाढतं, आणि डेक आधीच ६६९ ग्रॅमचा आहे. पडून खेळताना नाकावर आपटला की हे नीट समजतं.

हे भांडण जुनंच आहे. १९८९मध्ये निन्टेन्डोचा गेम बॉय आला. पडदा हिरवट, चार छटांचा, पाठीमागे दिवा नाही. त्याच वर्षी अटारीने लिंक्स आणला, त्यात रंगही होते आणि दिवाही. पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअर आला, तोही रंगीत. तिघांना शेजारी ठेवलं असतं तर गेम बॉय कुणी हातात धरला नसता. पण सांगलीहून पुण्याला एसटीने निघा. गेम गिअर सहा पेन्सिल सेल खाऊन तीन ते पाच तास चालायचा, म्हणजे गाडी खंबाटकी गाठेपर्यंत पडदा काळा होण्याचीच शक्यता जास्त. गेम बॉय चार सेलांवर जाऊन परत आला असता. मात्र कऱ्हाड सोडल्यावर अंधार पडला की त्याच्या पडद्यावर काही दिसलं नसतं, हेही तितकंच खरं.

इतकी वीज जायची कुठे? उजेडात. एलसीडी पडदा स्वतः प्रकाश देत नाही, मागून आलेला प्रकाश अडवतो किंवा सोडतो. त्यातली ध्रुवण करणारी पट्टी निम्मा प्रकाश तिथेच गिळते. उरलेल्यातला दोनतृतीयांश लाल-हिरव्या-निळ्या गाळण्यांत जातो. शेवटी डोळ्यापर्यंत दहावा हिस्सासुद्धा धड पोचत नाही. गेम गिअरमध्ये मागे छोटीशी ट्यूबलाईटच बसवलेली होती, आणि बहुतेक सेल तीच संपवायची. गेम बॉयच्या मागचे गुनपेई योकोई यांचं धोरण ठरलेलं होतं: जुनं, स्वस्त, मुरलेलं तंत्रज्ञान घ्यायचं आणि त्याचा नवा उपयोग शोधायचा. गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून जवळपास १२ कोटी विकल्या गेल्या, गेम गिअर एक कोटीच्या आसपास थांबला.

निन्टेन्डोलाही पुढे याच उजेडाने छळलं. २००१च्या गेम बॉय ॲडव्हान्सला रंगीत पडदा दिला, दिवा मात्र दिला नाही. बाहेरचा प्रकाश गाळण्यांतून आत जाणार आणि परत त्यांतूनच बाहेर येणार, म्हणजे दोनदा कापला जाणार. लोक खिडकीशी वाकडे बसून खेळायचे. २००३मध्ये दिवा आला तेव्हा कुठे पाठी सरळ झाल्या.

चिपच्या वेगाचं गणित तर आणखी कडक. चिपचा वीजखर्च वेगाच्या प्रमाणात वाढतो आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही. वेग वाढवायचा तर बहुधा व्होल्टेजही वाढवावा लागतो, त्यामुळे दीडपट वेगासाठी दीडपटीहून बरीच जास्त वीज जाते. सोनीच्या पीएसपीची चिप ३३३ मेगाहर्ट्झपर्यंत धावू शकत होती, तरी कंपनीने गेमना २२२ची वेसण घातली होती. ती २००७मध्ये सुटली.

खाल्लेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते, आणि इथे सांगलीकरांनी कान टवकारावेत. उष्णता बाहेर पडण्याचा वेग आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतो. पंचवीस अंशांच्या खोलीत पंखा जे काम सहज करतो, तेच चाळीस अंशांत त्याला घाम फोडतं. स्टीम डेकसाठी ३५ अंशांपर्यंतची हवा ठीक, त्यावर चिप स्वतःहून वेग कमी करू शकते, असं व्हॉल्व्हनेच सांगितलं आहे. निन्टेन्डोही स्विचसाठी ३५चीच मर्यादा सांगते. सांगलीत एप्रिलच्या दुपारी पारा चाळिशीला टेकतो. तेव्हा मे महिन्यात गेम अडखळायला लागला तर आधी खोलीकडे बघा, कंपनीला शिव्या नंतर. गरमीचा फटका वेगापुरताच नसतो: २०२३च्या आरओजी ॲली या अशाच कन्सोलमध्ये मेमरी कार्डचा रीडर उष्णतेने बिघडू शकतो, हे असूसला जाहीरपणे मान्य करावं लागलं.

इथपर्यंत सगळे तसे निर्दोष. ड्रिफ्टचं, म्हणजे हात न लावता हिरो चालत सुटण्याचं, मात्र तसं नाही.

स्विचची स्टिक, म्हणजे अंगठ्याने फिरवायची दांडी, उघडलेली मी इथल्याच एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात भिंगाखाली पाहिली. आत काळ्या कार्बनचा इवलासा पट्टा, आणि त्यावर घासत जाणारी धातूची जीभ. स्टिक हलली की जीभ सरकते, रोध बदलतो, त्यावरून कन्सोल दिशा ओळखतो. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो तोच हा पोटेन्शिओमीटर. ते बटण काही वर्षांनी खरखरायचं, ते याच कारणाने. त्या पट्ट्यावर मधोमध चकचकीत चरा पडला होता आणि कडेला काळी भुकटी साचली होती. मध्य कुठे, हेच यंत्राला कळेनासं होतं आणि हिरो चालू लागतो. २०२०मध्ये निन्टेन्डोच्या अध्यक्षांनी भागधारकांसमोर जॉय-कॉनच्या, म्हणजे स्विचच्या दोन बाजूंना लागणाऱ्या सुट्या कंट्रोलरच्या, त्रासाबद्दल माफीही मागितली.

उपाय नवा असता तर समजून घेता आलं असतं. चुंबकाने विद्युतप्रवाह एका बाजूला ढकलला जातो, हे एडविन हॉलने १८७९मध्ये दाखवलं. त्यावर चालणाऱ्या हॉल स्टिकमध्ये चुंबक हलतो आणि सेन्सर त्याला न टेकताच दिशा ओळखतो; काही घासत नाही, त्यामुळे झिजायला पट्टाही नाही. सेगाने ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये १९९८मध्येच हे वापरलं, लेनोव्होने २०२३च्या लीजन गोमध्ये. स्टीम डेकने वापरलेलं नाही. म्हणजे डेकवाल्यानेही फार उड्या मारू नयेत. २०२५च्या स्विच २मध्येही हॉल स्टिक नाहीत. त्याचे जॉय-कॉन चुंबकाने चिकटतात, आणि शेजारच्या चुंबकाने हॉल सेन्सर बिचकू शकतो, हे कारण मी मान्य करेन. पहिल्या स्विचला तीही सबब नाही.

हॉल स्टिक सुट्या मिळतात. जॉय-कॉनला तीन पाकळ्यांचा वायसारखा स्क्रू असतो, साध्या पेचकसाने फिरवलात तर डोकं घासून बसेल. आतल्या रिबन केबल नखाने ओढू नका. आणि बसवून झाल्यावर सेटिंगमध्ये जाऊन कॅलिब्रेशन करा, नाहीतर नवी स्टिकसुद्धा तिरकीच चालेल.