गोष्ट आधी, कात्री नंतर
पहिली ते चौथीच्या शिक्षकांसाठी: आमच्या लोककथा-हस्तकला संचांविषयी

संच उघडलात की सगळ्यात वरच्या पाकिटावर ‘थांबा’ असं लिहिलेलं दिसेल. साहित्य वाटण्याआधी गोष्ट सांगायची, म्हणून. चाळीस मुलांच्या हातात एकदा माती पडली की गोष्ट कोण ऐकतंय! आणि गोष्टही पुरी सांगू नका. जिथे अडते तिथेच सोडा.

काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं, हा पहिली-दुसरीचा संच. “एकदा काय झालं, मोठ्ठा पाऊस आला...” इथवर येऊन थांबा. अर्ध्या वर्गाने शाडूच्या मातीचं घर करायचं (शेणाची हौस आम्ही शाडूवर भागवली आहे), उरलेल्यांनी जाड कागदाचं, आणि त्यावर मेणबत्ती चोळून चोळून घासायची. मेण वितळवायचं नाही, वर्गात विस्तव नको. दोन दिवसांनी घरं परातीत ठेवून वरून झारीने पाणी घाला. शाडूचं घर पुरतं वाळलेलं हवं बरं का. ओली माती उलट जास्त तग धरते, आणि मग काऊचंच घर टिकलं म्हणून वर्गात गोंधळ! वाळलेली माती पाणी पिते आणि ढासळते, मेणावरून थेंब नुसते ओघळतात. यानंतर “चिऊताई, चिऊताई, दार उघड” म्हणा. चिऊने लगेच दार उघडायला हवं होतं की नाही, यावर मुलं भांडतील. भांडू द्या. आमच्या मते तास तिथेच सुरू होतो.

तिसरी-चौथीसाठी म्हातारी आणि भोपळा, सावल्यांच्या खेळातून. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलाकार चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागे नाचवतात. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. आमच्या बाहुल्या काळ्या कार्डशीटच्या, काड्या बुरूड आळीतल्या बांबूच्या. पडदा म्हणून पांढरं धोतर चालतं, मागे एकच विजेरी. म्हातारी लेकीकडे निघताना बाहुली पडद्याला चिकटवून धरा. तूपरोटी खाऊन परतताना तीच बाहुली विजेरीजवळ न्या, सावली आपोआप जाडजूड होते. हे मात्र आधी सांगून टाकू नका, एखादी मुलगी शोधून काढतेच.

कागदाच्या लगद्याचा भोपळा जून ते सप्टेंबर आम्ही देत नाही. एका शाळेत जुलैमध्ये केलेले भोपळे आठवडाभर वाळलेच नाहीत, वर बुरशी आली. खळीत मोरचूद घातली तर ती टिकते, पण ती विषारी. मुलांचे हात तोंडात जातात, म्हणून आम्ही साधी खळ त्या दिवसापुरतीच करायला सांगतो.

चाळीस मुलांना एक संच पुरतो. कात्र्या बोथट टोकाच्या आहेत. दरपत्रक सोबत आहे, पुणे शहरात संच शाळेत आणून देतो. परातीत विरघळलेली माती मात्र फेकू नका: वरचं पाणी काढा, फडक्यावर सुकवा, मळून डब्यात ठेवा. पुढच्या वर्षीच्या पहिलीला तीच चालते, नवी विकत घ्यायची गरज नाही.