सिद्धेश्वराचं तळं का चमकत नाही?

"मामा, आपल्या सिद्धेश्वर तळ्यात असं का होत नाही वो?"

भाचीनं हे विचारलं तेव्हा आम्ही अंदमानातल्या स्वराज द्वीपाजवळ होतो. खारफुटीची एक खाडी, अमावास्येच्या आसपासची रात्र, दोघांची कयाक. ती पुढं, मी मागं. तिनं वल्हं पाण्यात घातलं की पात्याभोवती फिकट उजेडाचा ढग उठायचा आणि वल्हं बाहेर काढलं की विझायचा. वल्ह्यावरून निथळणारा प्रत्येक थेंब जिथं पडेल तिथं एक ठिणगी उमटायची. बारा वर्षांच्या मुलीला ते बघताना आधी आपल्या गावचं तळं आठवलं, याचं मला फार अप्रूप वाटलं. पण उत्तर मला त्या होडीत नीट देता आलं नाही. सोलापूरला परतल्यावर वाचत गेलो, आणि लक्षात आलं की तिच्या प्रश्नात या उजेडाची जवळजवळ सगळी गोष्ट आहे.

सोलापूरहून अंदमान लांब असलं तरी वाट सरळ आहे. मुंबई-चेन्नई लोहमार्गावरच आपलं स्टेशन, चेन्नईहून विमान, मग बोट. तिथं पोचल्यावर पहिल्यांदा गोंधळ उडतो तो घड्याळाचा. सोलापूर ७६ अंश रेखांशाच्या जवळ, स्वराज द्वीप ९३ अंशांवर. घड्याळ मात्र दोन्हीकडं एकच. एका रेखांशाला चार मिनिटं, म्हणजे डिसेंबरात तिथला सूर्य आपल्याहून सुमारे तासभर आधी मावळतो. आपल्याकडं चहाचं आधण चढतं त्या वेळेला तिथं दिवेलागण होते. त्यामुळं सात वाजता निघालो तरी मध्यरात्र असल्यासारखा काळोख होता.

गाईडनं लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून पाहिले, प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी अडकवली आणि ओळीनं मागं राहायला बजावलं. अंदमानच्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. कुठल्या खाडीत जायचं, कुठल्या नाही, आणि भरती कधी उतरायला लागते, हे तिथल्या माणसालाच ठाऊक. अमावास्येला काळोख दाट असतो खरा, पण त्याच दिवसांत सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढत असल्यानं उधाणाची भरती येते आणि ओहोटीची ओढही जोरकस असते. शिवाय भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढं सरकते. म्हणजे कालची वेळ आज चालत नाही. गाईडशिवाय रात्री अशा पाण्यात कुणी उतरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग त्यानं टॉर्च विझवायला लावले, मोबाईल पिशवीत बंद करायला लावले आणि काठावरच आम्हाला वीस मिनिटं नुसतं बसवलं. मुलं कंटाळली. पण या वीस मिनिटांत डोळ्यांत मोठी उलथापालथ चालू असते. आपल्या दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूपेशी उजेडात काम करतात आणि रंग दाखवतात. दंडपेशी मंद उजेडासाठी असतात. त्यांच्यातलं ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य प्रखर उजेडात मोडून जातं आणि अंधारात हळूहळू पुन्हा तयार होतं. त्याला वीस ते तीस मिनिटं लागतात. एकानं मोबाईल उघडला की त्याची स्वतःची आणि शेजाऱ्याचीही ही सगळी कमाई सेकंदात जाते.

दंडपेशींची आणखी एक गंमत घरच्या गच्चीवरही बघता येते. दृष्टीच्या अगदी मध्यबिंदूवर त्या नसतातच. म्हणून एखादा अंधूक तारा रोखून पाहिला की नाहीसा होतो आणि जरा बाजूला पाहिलं की पुन्हा दिसतो. खाडीतही तसंच झालं. वल्ह्याकडं टक लावण्यापेक्षा त्याच्या शेजारी पाहिलं तर उजेड जास्त भरीव दिसला. आणि हो, फोटोत दिसतो तसा तो निळाशार दिसत नाही. मंद उजेडात शंकूपेशी झोपलेल्या असतात, त्यामुळं रंग फिका पडतो. डोळ्यांना तो चंदेरी, जेमतेम निळसर वाटतो. कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं राहतं आणि उजेड साठत जातो, म्हणून फोटोतला निळा इतका गडद होतो. फोटो पाहून गेलेली माणसं कधीकधी हिरमुसतात. मला मात्र तो फिका उजेडच अधिक जिवंत वाटला.

हा उजेड असतो एकपेशीय जीवांचा, डायनोफ्लॅजेलेट नावाच्या गटातल्या काहींचा. त्यातला सगळ्यात नावाजलेला नॉक्टिल्युका. तो एक मिलिमीटरच्या आसपास वाढतो. एका पेशीच्या मानानं हे आकारमान अवाढव्य आहे, चांगली नजर असेल तर पेल्यातल्या पाण्यात पारदर्शक साबुदाण्याचा कण तरंगावा तसा तो दिसतो. बाकीचे बहुतेक जीव याहून पुष्कळ बारीक, सूक्ष्मदर्शकाशिवाय न दिसणारे.

आता वल्हं मारलं की नेमकं काय होतं? नुसत्या वाहत्या पाण्यानं ही पेशी पेटत नाही. पाण्याबरोबर ती निवांत वाहत राहते. चादरीच्या दुकानातली थप्पी डोळ्यांपुढं आणा. थप्पी उचलून दुसरीकडं नेली तर चादरींना काही होत नाही. पण सगळ्यात वरची चादर हातानं पुढं ढकलली तर तिच्याखालची थोडी सरकते, तिच्याखालची आणखी थोडी, आणि प्रत्येक दोन चादरींमध्ये घासण होते. पाण्याच्या थरांचंही तसंच. वल्ह्याच्या कडेजवळ शेजारशेजारच्या थरांचे वेग वेगळे असतात, आणि मध्ये सापडलेली पेशी पिळवटली जाते. तो पीळ ठरावीक मर्यादेपलीकडं गेला तरच ती पेटते. म्हणून आम्ही वल्ही वर घेऊन स्तब्ध बसलो की खाडी काळी व्हायची, आणि एखादा मासा खालून सळसळत गेला की त्याची अख्खी वाट आखून निघायची.

पिळवटलेल्या पेशीच्या पटलावर विजेचा संदेश धावतो, आपल्या मज्जातंतूत धावतो तशाच जातीचा. पेशीच्या पोटात एक मोठी रिक्तिका असते आणि तिच्यातला द्रव आंबट, म्हणजे आम्लधर्मी असतो. संदेश पोचताच तिथली आम्लता सिंटिलॉन नावाच्या बारीक पुड्यांमध्ये शिरते. या पुड्यांत ल्युसिफेरिन नावाचं इंधन आणि ल्युसिफेरेज नावाचं विकर (एन्झाइम) शेजारी शेजारी गप्प बसलेलं असतं. आम्लता वाढली की विकर जागं होतं, ल्युसिफेरिनचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि त्यातली ऊर्जा उष्णतेऐवजी प्रकाश होऊन बाहेर पडते. वल्ह्याच्या धक्क्यापासून उजेडापर्यंत सेकंदाचा पन्नासावा भाग, आणि उजेड टिकतो सेकंदाच्या दहाव्या भागाइतका. मला यातला एक तपशील फार आवडतो. डायनोफ्लॅजेलेटच्या ल्युसिफेरिनची रेणूरचना हरितद्रव्याच्या घराण्यातली आहे. ज्वारीच्या पानात सूर्याचा उजेड पकडणारा रेणू आणि समुद्रात रात्री उजेड सोडणारा रेणू हे भाऊबंद आहेत.

ल्युसिफेरिन आणि ल्युसिफेरेज ही दोन नावं मात्र वेगळ्याच प्राण्यांच्या अभ्यासातून आली. फ्रेंच शास्त्रज्ञ राफाएल द्युबुआ यांनी १८८० च्या दशकात चमकणाऱ्या भुंगेऱ्यांचा आणि शिंपल्यांचा अर्क दोन प्रकारे काढला. थंड पाण्यातला अर्क काही वेळानं विझे, गरम पाण्यातला मुळीच चमकत नसे. हे दोन विझलेले अर्क एकत्र ओतले की उजेड परत येई. थंड अर्कातलं इंधन संपलेलं, विकर शाबूत. गरम अर्कातलं विकर उष्णतेनं मेलेलं, इंधन शाबूत. दोन भांडी आणि एक अंधारी खोली यांवर इतकं नेमकं उत्तर मिळवणाऱ्या माणसाला मनापासून दाद द्यावीशी वाटते.

उजेडासाठी नुसता अंधार पुरत नाही, पेशीची रात्रही व्हावी लागते. १९५० च्या दशकात वुडलँड हेस्टिंग्ज आणि बिअट्रिस स्वीनी यांनी अमेरिकेत अशा पेशी सतत एकसारख्या मंद उजेडात ठेवल्या. दिवस नाही, रात्र नाही. तरी त्या दर सुमारे २४ तासांनी जास्त चमकत राहिल्या. डोकं नाही, डोळे नाहीत, एकच पेशी, पण आत घड्याळ चालू.

हे सगळं कशासाठी? कोपेपॉड नावाचा शेंगाचटणीतल्या कणाएवढा जीव या पेशी खातो. त्यानं पकडलं की पेशी चमकते आणि तो दचकून सोडून देतो. त्याहून भारी कल्पना अशी, की हा उजेड म्हणजे चोर आल्यावर मारलेली बोंब आहे. कोपेपॉड उजेडात उघडा पडतो आणि त्याला खाणारा मासा त्याला हेरतो. टाक्यांमधल्या प्रयोगांत चमकणाऱ्या पेशी पाण्यात असताना माशांना कोपेपॉड अधिक सहज सापडल्याचं दिसलं आहे. हा उजेड माणसाच्याही कामी आला आहे. अपोलो १३ या चांद्रयानाचे कप्तान जिम लॉवेल तरुण वैमानिक असताना जपानजवळ रात्री आपल्या विमानवाहू जहाजाची वाट चुकले होते. विमानातले दिवे अचानक गेले, आणि त्या संपूर्ण अंधारात त्यांना खाली समुद्रावर एक चमकती रेघ दिसली. जहाजानं घुसळलेल्या पाण्याची. तिच्या मागोमाग ते जहाजावर पोचले.

यासाठी अंदमानलाच जायला हवं असं नाही. पावसाळ्यानंतर आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही नॉक्टिल्युका वाढतो. २०२० च्या नोव्हेंबरात जुहूपासून देवगडपर्यंत लाटा चमकल्याच्या बातम्या आपण वाचल्या. मात्र "पाणी चमकतंय म्हणजे समुद्र स्वच्छ आहे" असं जे सर्रास म्हटलं जातं, ते बरोबर नाही आणि ते खोडून काढणं मला गरजेचं वाटतं. नॉक्टिल्युका भरमसाट वाढतो तो पोषकद्रव्यं भरपूर असतात तेव्हा. ती खोल समुद्रातून वर आलेली असतील किंवा शहरांच्या सांडपाण्यातून. दाट वाढ झाली की त्यातून अमोनिया सुटतो, मेलेल्या पेशी कुजताना ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. अरबी समुद्राच्या उत्तर भागात तर या शतकाच्या सुरुवातीपासून हिवाळ्यात हिरव्या नॉक्टिल्युकाचे प्रचंड थर पसरतात, उपग्रहातून दिसण्याइतके. हिरवा अशासाठी, की त्याच्या पोटात हजारो बारीक शैवालपेशी जिवंत राहतात आणि त्याला अन्न पुरवतात. हेल्गा गोम्स, जोआकिम गोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये या वाढीचा संबंध कमी ऑक्सिजनच्या पाण्याशी जोडून दाखवला. पूर्वी तिथं डायटम नावाचं शैवाल वाढायचं आणि त्यावर माशांची साखळी उभी होती. नॉक्टिल्युकाला मात्र मुख्यतः जेलीफिश आणि साल्प नावाचे जेलीसारखे पारदर्शक जीव खातात. म्हणजे पोषण आहे, पण ते मच्छीमाराच्या जाळ्यापर्यंत येत नाही.

आता भाचीचा प्रश्न. आपल्या तळ्यातही डायनोफ्लॅजेलेट गटातले जीव असू शकतात, गोड्या पाण्यात त्यांच्या कितीतरी जाती राहतात. पण चमकणाऱ्या जाती समुद्रातल्या. आणि हे एकट्या त्यांचं नाही. कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरात १७ वर्षांच्या चित्रीकरणाची मोजदाद २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. पाण्यात तरंगणाऱ्या, पोहणाऱ्या ज्या प्राण्यांची नोंद झाली, त्यातले ७६ टक्के चमकू शकणारे निघाले. गोड्या पाण्यात मात्र यादी सुरू होते न होते तोच संपते. न्यूझीलंडच्या ओढ्यांतली लातिया नावाची बारीक गोगलगाय, आणि जपानकडच्या काही काजव्यांच्या पाण्यात वाढणाऱ्या अळ्या, एवढीच ठळक नावं.

शास्त्रज्ञ याची कारणं सांगतात ती अशी. समुद्राचं पाणी नितळ आणि खोल आहे. तिथं अंधार कायमचा आहे, आणि निळा उजेड त्यातून सगळ्यात लांब जातो. तळ्याचं पाणी गढूळ आणि उथळ, उजेड दिसणार तरी कुणाला? दुसरं कारण वेळेचं. समुद्र कोट्यवधी वर्षं अखंड आहे, तळी येतात आणि गाळानं भरून जातात. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात खोदवलेलं आपलं तळं माणसांच्या हिशेबात पुरातन, पण उत्क्रांतीच्या हिशेबात कालचं.

हे मी तिला सांगितलं. तिचं समाधान झालं नाही. "पण वल्ह्यामागं ते दोन गोल गोल फिरत होते, ते तरी आपल्या पाण्यात होतात का?" मला ते गोल आठवतच नव्हते. मग ताईच्या परातीत पाणी भरून ते स्थिर होऊ दिलं, वर चिमूटभर हळद भुरभुरली. भाचीनं चमचा अर्धा बुडवून वीतभर पुढं ओढला आणि अलगद वर उचलला. पिवळ्या हळदीत दोन भोवरे उमटले, एक डावीकडं फिरणारा, एक उजवीकडं, आणि दोघं जोडीनं परातीच्या कडेपर्यंत चालत गेले. ती म्हणाली, "हेच." मग तिनं चमचा धुतला आणि पुन्हा नवं पाणी घेतलं.