साष्टी बेटावरील ज्वालामुखीजन्य भूरूपे (उपग्रह प्रतिमांतून)

ठाण्याचा जुना गाव, घोडबंदर रस्ता आणि येऊरचे डोंगर साष्टी बेटावर येतात. बेटाच्या पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र. येथला काळा कातळ दख्खनच्या ज्वालामुखी घडामोडींतला आहे. दख्खनचा बहुतेक लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला. मुंबई-साष्टीकडचे काही खडक त्याहून तरुण आहेत.

प्रतिमेत ज्वालामुखी शोधताना नजर आधी गोल तोंडाकडे धावते. अंदमानातल्या बॅरन बेटाचे तसे आहे: बाहेर कड्यांचे कडे, आत शंकू. साष्टीत मात्र तसे काहीच सापडत नाही. दख्खनचा लाव्हा मुख्यतः जमिनीतल्या लांब भेगांतून वर आला आणि थरांवर थर पसरत गेला. उंचवटे असतीलच तर ते पावसापाण्याने केव्हाच झिजवले.

येथे पाहायचा तो थरांचा कल. सह्याद्रीच्या कड्यांत हेच थर जवळजवळ आडवे दिसतात. पनवेलजवळून दक्षिणोत्तर जाणाऱ्या पट्ट्यापासून ते समुद्राकडे वाकले आहेत. भूवैज्ञानिक या वाकाला ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात. त्यामुळे या भागातल्या डोंगररांगा बऱ्याचशा दक्षिणोत्तर, पश्चिमेला उतरत्या आणि पूर्वेला ताठ. खाडीपलीकडच्या पारसिक डोंगराचा कातळही याच वाकात सापडलेला आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात घेतलेल्या प्रतिमेत उन्हाची आणि सावलीची बाजू वेगळी पडते आणि रांगांचा आकार चटकन ओळखू येतो. साध्या नकाशावर ही गंमत कळत नाही.

अवरक्त किरण वापरून केलेल्या प्रतिमेत झाडी लाल दिसते. मग येऊर-बोरिवलीचे जंगल लाल ठिपक्यासारखे उठून दिसते, तुळशी आणि विहार तलाव त्यात काळे, आणि खाडीकाठच्या खारफुटीची लाल किनार. पावसाळ्यात ढगांमुळे फारसे हाती लागत नाही. फेब्रुवारी-मार्चमधल्या प्रतिमा सर्वांत उपयोगी, कारण पानगळीने कातळ उघडा पडलेला असतो.

काही भूरूपे मात्र वरून दिसणारच नाहीत. अंधेरीचा गिल्बर्ट हिल हा बेसाल्टच्या उभ्या खांबांचा सुमारे ६० मीटर उंच सुळका वरून केवळ एक ठिपका दिसतो. कान्हेरीची लेणी ज्वालामुखीच्या कोणाश्मात कोरलेली आहेत: लेण्याच्या भिंतीला हात लावला की राखेत घट्ट रुतलेले टोकदार दगडांचे तुकडे बोटांना लागतात.