दस्ता दुमडला तरी नेम का बिघडत नाही

अलास्कात किंवा मोंटानात आठवडाभर पायी भटकणारे काही जण तंबू आणि स्टोव्हबरोबर सॅकमध्ये एक छोटी रायफलही टाकतात. मोठ्या शिकारीचा बेत नसतो. हंगाम असेल, परवाना असेल आणि वाटेत एखादा ससा किंवा ग्राउस नावाचा कोंबडीएवढा पक्षी मिळाला, तर रात्रीचं जेवण जरा बरं होतं, एवढंच. अडचण लांबीची असते. साधी रायफल सव्वातीन-साडेतीन फूट आणि सॅकची आतली उंची त्याहून बरीच कमी. बाहेर बांधावी तर नळी डोक्याच्या वर जाते आणि प्रत्येक फांदीत अडकते. म्हणून रायफलची घडी करायची. पण घडी घालायची कुठे?

नळीत घालता येत नाही. सगळ्यात लहान काडतुसांपैकी एक असलेलं .२२ लाँग रायफल हे काडतूस घेतलं, तरी बार उडताना आतला दाब वातावरणाच्या दाबाच्या सोळाशे पटींपर्यंत जाऊ शकतो. शिवाय गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या आट्यांत खंड पडून चालत नाही. नळी फार आखूड करण्यातही अर्थ नाही, पण या काडतुसाला सोळा इंचांच्या पुढे वाढवूनही फारसा वेग मिळत नाही. म्हणजे सोळा-साडेसोळा इंच नळी धरूनच चालायचं. उरतो दस्ता. चापापासून मागच्या टोकापर्यंत तो तेरा-चौदा इंच असतो आणि त्याला आतला दाब झेलायचा नसतो. खांद्याला टेकणं आणि गालाला आधार देणं एवढंच त्याचं काम. दुमडायचा तर तोच.

इथे एकबारी रायफल कामाला येते. कोकणात कुणाकडे ठासणीची बंदूक पाहिली असेल, तर एका वेळी एकच बार म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. बोल्ट असलेल्या रायफलीत काडतूस आत-बाहेर करायला बोल्ट निदान काडतुसाच्या लांबीएवढा तरी मागे सरकावा लागतो, आणि तेवढी जागा नळीच्या मागे राखून ठेवावी लागते. अनेक स्वयंचलित रायफलींत तर स्प्रिंगची नळी थेट दस्त्याच्या पोटात गेलेली असते, तिथे दस्ता दुमडण्याचा प्रश्नच मिटतो. मोडून भरायच्या, म्हणजे नळी सांध्यावर खाली झुकवून काडतूस घालायच्या एकबारी रायफलीत असलं काही नसतं. नळीचं मागचं तोंड जवळजवळ चापाच्या वरच येतं. त्यामुळे नळी तेवढीच ठेवूनही अख्खी रायफल काही इंच आखूड होते आणि चापाच्या लगेच मागे बिजागरी बसवायला जागा मोकळी राहते.

काही रायफलींत वेगळी बिजागरीही लागत नाही. काडतूस भरायला जी मोडते, तीच अडकित्त्यासारखी पूर्ण मिटवायची. इटलीच्या किआप्पा कंपनीची लिटल बॅजर ही अशीच. उघडल्यावर ३१ इंच, मिटल्यावर १७ इंच, वजन १.३ किलो. नळीच साडेसोळा इंचांची, त्यामुळे याहून आखूड घडी होणं शक्यच नाही.

बिजागरी म्हटली की पहिली शंका नेमाची येते. मधोमध हलणारा सांधा असलेल्या वस्तूने पंचवीस मीटरवरचा पक्षी कसा टिपायचा? ही शंका चुकीच्या जागी घेतलेली आहे. नेम ठरतो तो नळी आणि नेमखुणा यांच्यातल्या कोनावर. पुढची माशी, मागची खाच आणि नळी हे तिन्ही एकाच लोखंडावर घट्ट बसलेले असतील, तर मागचा सांधा कितीही हलला तरी तो कोन बदलत नाही. मोडणाऱ्या रायफलीवर दुर्बीण मागच्या भागावर न बसवता नळीवर बसवतात, त्याचं कारणही हेच. दस्त्याची बिजागरी नळी आणि नेमखुणा यांच्यामध्ये येत नाही. ती येते रायफल आणि माणूस यांच्यामध्ये, आणि जे काही बिघडतं ते तिथेच बिघडतं.

ते कसं, हे आकड्यांत पाहू. दोन्ही नेमखुणांमधलं अंतर ४० सेंटिमीटर धरा. दस्ता खुळखुळत असल्याने गाल दर वेळी थोडा वेगळ्या जागी टेकला, डोळा सरकला आणि माशी खाचेच्या मध्यापासून अर्धा मिलिमीटर बाजूला राहिली. पंचवीस मीटरवर गोळी तीन सेंटिमीटर चुकते. ग्राउसचं डोकं एवढंही रुंद नसतं. दुर्बीण असेल तर डोळा मध्यातून हलल्यावर आतली फुली लक्ष्यावर किंचित सरकलेली दिसते, म्हणजे तिथेही गाल एका जागी लागतो.

दुसरी गोष्ट मला जास्त गमतीची वाटते. गोळी नळीतून बाहेर पडायला दीड-दोन मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात रायफल मागे सरकायला लागलेली असते. किती, हे वस्तुमानांच्या प्रमाणावरून निघतं: २.६ ग्रॅमची गोळी, १३०० ग्रॅमची रायफल, ४१ सेंटिमीटरची नळी. उत्तर येतं सुमारे ०.८ मिलिमीटर. आता बिजागरीत तेवढीच ढिलाई असेल, तर गोळी बाहेर पडेपर्यंत खांद्याला धक्का लागलेलाच नसतो, रायफल अधांतरी मागे येत असते. ती ढिलाई दर वेळी एका बाजूला बसलेली असेल तर फारसं बिघडत नाही. कधी डावीकडे, कधी उजवीकडे असेल तर दर बाराला नळीचं तोंड वेगळीकडे वळतं.

म्हणून चांगल्या घडीच्या दस्त्यात बघायचा तो सांधा. हलक्या दर्जाच्या बिजागरीत सरळ भोकात सरळ खिळा असतो. नवी असताना ती घट्ट बसते, पण वापराने भोक मोठं होतं आणि पुढे ते मोठंच होत जातं. चांगल्या बिजागरीत कुलपाचा खिळा निमुळता असतो आणि मागून स्प्रिंग त्याला ढकलत राहते. झीज झाली की खिळा केसभर आणखी आत जातो आणि सांधा पुन्हा घट्ट. तपासायला दुकानात रायफल उघडायची, पुढचा भाग एका हातात, दस्त्याचं टोक दुसऱ्या हातात धरायचं आणि आडवं पिळायचं. टिक्-टिक् जाणवलं तर ठेवून द्यायची. दस्त्याच्या टोकाशी जाणवणारी हालचाल सांध्यापाशी असलेल्या ढिलाईच्या कित्येक पट असते, त्यामुळे ही परीक्षा हातालाही कळते.

कल्पना जुनी आहे. मिशिगनमधल्या ग्लॅडस्टनच्या वेबस्टर मार्बल यांनी १९०८ साली ‘गेम गेटर’ आणली: वर .२२ ची नळी, खाली छर्ऱ्यांची, मागे घडीचा दस्ता. अमेरिकी हवाई दलाने १९५२ मध्ये ‘एम ६’ स्वीकारली, ती ध्रुवीय भागात विमान कोसळलं तर वैमानिकांनी तग धरावा म्हणून. वर .२२ हॉर्नेट या काडतुसाची नळी, खाली .४१० च्या छर्ऱ्यांची, दोन्ही नळ्या १४ इंचांच्या, आणि मधोमध मिटणारी. दस्ता पत्र्याचा, पोकळ, त्यात नऊ गोळ्या आणि चार छर्ऱ्यांची काडतुसं मावायची. तिला नेहमीचा चाप नव्हता, खाली एक लांब पट्टी होती. जाड हातमोज्यांसकट मूठ आवळली की बार उडायचा. दिसायला ती बंदुकीपेक्षा गॅरेजमधलं हत्यार वाटते, पण गारठलेल्या माणसासाठी याहून नीट विचार केलेली रायफल मी तरी पाहिलेली नाही. सोव्हिएत अंतराळवीरांच्या सोयूझ यानांतून १९८६ पासून जाणाऱ्या तीन नळ्यांच्या ‘टीपी-८२’ मध्ये वेगळीच युक्ती होती. तिचा दस्ता दुमडत नसे, काढून घेता येई, आणि काढला की तोच कोयता.

आता धक्क्याचा हिशोब. .२२ लाँग रायफलची गोळी निघाल्यावर १.३ किलोची रायफल जेमतेम पाऊण-एक मीटर प्रतिसेकंद वेगाने मागे येते. तिची ऊर्जा अर्ध्या ज्यूलहूनही कमी. हा धक्का तारेचा दस्ताही सहज झेलतो. पण ‘हलकी आहे, तर मोठं काडतूसही चालवू’ असं म्हणून कुणी अडीच किलोच्या एकबारी रायफलीत .३०८ भरलं, तर तीच ऊर्जा तीस ज्यूलच्या आसपास जाते. खांदा तीन सेंटिमीटर मागे दबला असं धरलं, तर सरासरी जोर हजार न्यूटन, म्हणजे शंभर किलोचं वजन. तो सगळा त्या एका बिजागरीतून जातो. सरळही जात नाही, कारण दस्ता नळीच्या रेषेखाली असतो, त्यामुळे सांधा दर बाराला मोडायला बघतो. माझ्या मते घडीचा दस्ता लहान काडतुसांनाच शोभतो. अस्वल अंगावर आलं तर या रायफलीचा उपयोग नाही, हेही सांगून टाकतो. घडी उघडेपर्यंत गोष्ट संपलेली असेल.

तारेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या दस्त्याचा आणखी एक त्रास थंडीत कळतो. पोलाद लाकडाच्या शेकडो पट वेगाने उष्णता वाहून नेतं आणि ॲल्युमिनियम त्याहूनही वेगाने. उणे वीस अंशांत उघडा गाल त्यावर टेकवला की चटका बसतो. मग माणूस नकळत गाल उचलतो आणि वर सांगितलेले तीन सेंटिमीटर परत येतात. म्हणून जाणकार दस्त्यावर नायलॉनची दोरी घट्ट गुंडाळतात. ती अडीअडचणीला सोडवून वापरताही येते.

अमेरिकेतला कायदा या दस्त्याकडे बारकाईने बघतो. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टनुसार आज रायफलची नळी १६ इंचांहून किंवा एकूण लांबी २६ इंचांहून कमी असेल तर खास नोंदणी लागते. लांबी मोजतात ती दस्ता उघडून, म्हणून १७ इंचांची घडी चालते. थॉम्पसन/सेंटर कंपनीच्या ‘कंटेंडर’ या एकबारी पिस्तुलासोबत लांब नळी आणि दस्ता असलेला संच मिळायचा. दहा इंची नळी तशीच ठेवून दस्ता जोडला तर बेकायदा रायफल होते, मग नुसता संच विकणं म्हणजेच अशी रायफल बनवणं का, यावर खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९२ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला.

तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत २०१० पासून त्या-त्या राज्याच्या कायद्यानुसार बंदूक जवळ बाळगता येते, पण बहुतेक उद्यानांत शिकारीला मनाई कायम आहे. आपल्याकडे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारच बंद केली आणि रायफलला परवाना लागतोच, त्यामुळे सह्याद्रीतल्या ट्रेकला हा विषय वाचण्यापुरताच.

सॅकमध्ये टाकताना दोन घड्यांतला एक फरक मात्र ध्यानात ठेवावा लागतो. मधोमध मोडणारी रायफल मिटलेली असताना नळीचं मागचं तोंड उघडं असतं, तिचा बार उडूच शकत नाही. ज्या रायफलीचा फक्त दस्ता बाजूला वळतो ती मिटल्यावरही नळी बंद, चाप जागेवर, म्हणजे पूर्ण चालू असते. तिच्यातलं काडतूस आधी काढायचं, रिकामी नळी डोळ्यांनी पाहायची, आणि मगच दस्ता वळवायचा.