फवारा किती जड मातीने दबेल?

बोअर झालं की मोटरच्या दुकानात पहिला प्रश्न येतो, ‘हेड किती पाहिजे?’ मोटरच्या पाटीवर हे हेड मीटरमध्ये लिहिलेलं असतं, पण खरं तर ते दाबाचंच माप आहे. पाण्याचा 10 मीटर उंच स्तंभ तळाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर 1 किलो भार टाकतो. म्हणजे 60 मीटर हेड, 6 किलो दाब. वावरातलं साडेसहा इंची बोअर असो की वीस फूट रुंद विहीर, पाण्याखाली तेवढ्याच खोलीवर दाब तोच. रुंदीचा संबंध नाही.

दाब जसा उंचीत सांगता येतो तसा घनतेतही सांगता येतो. खोल छिद्रं पाडणाऱ्या इंजिनीयरांना तेच सोयीचं पडतं, कारण छिद्रात ते बेंटोनाइट मातीचा घोळ भरतात. त्याला ते ‘मड’ म्हणतात. खालून येणारा दाब या घोळाच्या वजनाने तोलायचा असतो. हिशेब सोपा आहे: दाबाच्या किलोंना 10 ने गुणा, मीटरमधल्या खोलीने भागा. उत्तर येतं ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरमध्ये, आणि साधं पाणी तिथे 1. खोली मात्र सरळ उभी मोजायची. छिद्र तिरपं गेलं असेल तर पाइपाची लांबी धरून चालत नाही. तेलविहिरींवर हाच हिशेब पौंड, गॅलन आणि फुटांत करताना 0.052 हा आकडा येतो. एक चौरस इंच जागेवर एक फूट उंच स्तंभ म्हणजे 12 घन इंच, आणि अमेरिकन गॅलन 231 घन इंचांचा. 12 भागिले 231, बस्स.

आता आपल्याकडे या. चंद्रपूर-वणीकडे कोळशाच्या पट्ट्यात वालुकाश्म आहे. अशा खडकातलं पाणी वरच्या चिकणमातीच्या थराखाली कोंडलेलं असलं, तर बोअर लागताच ते आपसूक वर उसळू शकतं. समजा, 100 मीटरवर असं पाणी लागलं आणि त्याचा जोर जमिनीच्या वर 8 मीटर चढण्याएवढा आहे. तळाचा दाब 10.8 किलो, म्हणून घनता 1.08. यापेक्षा किंचित जड मड पुरेल.

तोच जोर 20 मीटरवर भेटला तर? दाब फक्त 2.8 किलो. आधीपेक्षा कितीतरी कमी. पण 28 ला 20 ने भागलं की 1.4! नुसत्या मातीने एवढा जडपणा येत नाही. पाण्याच्या चौपटीहून जड असलेली बराइटची भुकटी मिसळावी लागते. शिवाय उथळ थर कच्चे असतात, एवढा जड घोळ त्यांनाच फाडून बाहेर पळू शकतो. मला या हिशेबातलं सर्वात मोलाचं हेच वाटतं: दाबाचा आकडा लहान दिसतो, तिथेच घनतेचा आकडा सावध करतो.

अशा उथळ फवाऱ्यावर जड घोळ ओतायची गरजही नसते. केसिंग, म्हणजे बोअरच्या भिंतीला लावलेला पाइप, नीट सिमेंटने बसवलेलं असेल, तर ते जमिनीच्या वर 8 मीटरहून थोडं उंच न्यायचं. पाणी पाइपात चढतं आणि तिथेच उभं राहतं.